पाडलेल्या भिंतीचा दाखला

फोन मी केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणाचं चुकलं याची शोधाशोध नको.

एकतीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात काढली. हेडमास्तर आले, गेले, दोघे तर रडत गेले, सेक्रेटरी मीच. त्या खुर्चीनं मला एक गोष्ट शिकवली. कुठल्याही कचेरीत आपण होऊन फोन करावा, समोरच्याचं नाव विचारावं, गोड बोलावं आणि तारीख लिहून ठेवावी. काम होतंच. या एका सवयीवर माझा अख्खा जन्म चालला, आणि त्याच सवयीनं मी माझ्या बापाचा घात केला.

माझा डॅड, क्लिफर्ड ऑल्ड्रॉइड, चौऱ्याऐंशीचा. स्टॅनरॉइड डेपोत त्यानं पस्तीस वर्षं बस चालवली. उशीर झाला तर माफ, पण वेळेआधी सोडलेली बस म्हणजे चोरी, असं त्याचं तत्त्वज्ञान. आता दोन्ही डोळ्यांच्या मधोमध त्याला एक करडा ठिपका दिसतो. कडेचं दिसतं, समोरचं नाही. टेबलावरचं मीठ सापडतं, पण बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. लायसन्स अर्थातच गेलं.

मम, म्हणजे माझी आई मॅविस, दोन वर्षांपूर्वी विसरायला लागली. आधी किटली, मग गॅस, मग एका थंडीच्या सकाळी स्वतःच्या घराचा रस्ता. जवळच्या तीन केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमांत, जागा नव्हती. ग्रेंजला होती, समुद्राकाठी, आणि तिची बहीण त्याच गावात राहायची. बहीण पहिल्याच हिवाळ्यात गेली. मम तिथंच राहिली, छपन्न मैलांवर. मी बहुतेक दिवस डॅडकडेच असते, आणि दर रविवारी त्याला गाडीत घालून नेते. स्किप्टन, सेटल, कर्कबी लॉन्सडेल. प्रत्येक वळणावर तो माझं ड्रायव्हिंग सुधारतो, आणि मांडीवर बाजारातल्या कस्टर्ड टार्टचा डबा धरून बसतो. ममला तो टार्ट फार आवडतो. ते मात्र ती अजून विसरली नव्हती.

मागच्या जानेवारीत एका रविवारी मम त्याला म्हणाली, "तू हल्ली राहतोस कुठं, क्लिफ?"

"घरी. आपल्या घरी."

"आणि मी?"

डॅड कपात साखर ढवळत राहिला. साखर तो घेत नाही.

"आपलं मोडलं, हे मला कुणी सांगितलंच नाही," मम म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही. बस चुकलेलं माणूस थांब्यावर बोलतं तसं.

परत येताना डॅडनं सेटलपर्यंत एकदाही माझं ड्रायव्हिंग सुधारलं नाही. मग म्हणाला, "जॅनिस, घर विकायचं."

त्याच्या डोक्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. होमच्या मागच्या बाजूला एका ट्रस्टचे चार लहान फ्लॅट आहेत, तळमजल्यावर, ज्यांचा नवरा नाहीतर बायको होममध्ये आहे त्यांच्यासाठीच. क्वचितच एखादा रिकामा होतो, आणि तेव्हा एक रिकामा होता. घर विकूनच तो घेता येणार होता. तिथल्या मिसेस ब्रेथवेटनी शब्द दिला, मार्चअखेरपर्यंत तुमच्यासाठी ठेवते. डॅडनं फ्लॅटच्या दारापासून ममच्या खिडकीपर्यंत चालून बघितलं. बेचाळीस पावलं.

"खिडकीत लाल कुंडी ठेवायची," तो म्हणाला. "लाल मला दिसतं आणि तिलाही दिसेल. तिनं विचारलं, कुठं राहतोस, की बोट दाखवायचं. तिथं. सकाळी तिच्याबरोबर टोस्ट खायला जायचं. मोडलं म्हणे!"

घर नऊ दिवसांत विकलं गेलं. घेणारं जोडपं चांगलं होतं. ती सुईण, तो पोस्टमन, मूल व्हायचं होतं. पोस्टमनला डॅड आवडला आणि डॅडला पोस्टमन, कारण दोघंही घड्याळावर जगणारे. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला संशय यायला हवा होता.

मग आमच्या वकिलांच्या कचेरीतून ब्रायनीचा फोन आला. ब्रायनी म्हणजे आमचं काम बघणारी मुलगी. मी तिला कधी पाहिलं नाही, नुसता आवाज. घेणाऱ्यांसाठी घर तपासणाऱ्या सर्व्हेयरनं लिहिलं होतं की स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधली भिंत पाडलेली दिसते. वर बेडरूम आहे, म्हणजे भार त्या भिंतीवर होता. तर काम नियमाप्रमाणे झालं असा काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, दाखला कुठं आहे? त्याशिवाय त्यांची बँक कर्ज देणार नाही.

"दाखला?" डॅड म्हणाला. "भिंत पाडली अठ्ठ्याऐंशी साली!"

ती भिंत ममच्या हट्टापायी पडली होती. "चूल माझ्यापुढं आणि पाठ सगळ्या जगाकडे," असं ती म्हणायची. घरात हसणं चालायचं आणि तिला भिंत दिसायची. शेवटी डॅडनं आणि डेपोच्या वर्कशॉपमधल्या सिरिलनं आठवडाभराची रजा टाकली. कालव्याजवळची गिरणी तेव्हा पाडत होते. तिथून एक लोखंडी तुळई विकत आणली. सहा जण ती खांद्यावरून चढावर घेऊन आले. मी तेव्हा तेविशीची, दारात उभी राहून हसत होते. तुळई बसली आणि काउन्सिलचा माणूस तपासायला आला. हे मला लख्ख आठवतं, कारण ममनं त्याला विचारलं, "लांबून आलात का?"

हा तिचा प्रश्न. दारात आलेल्या प्रत्येक परक्या माणसाला ती तो विचारायची. मीटर बघणारा, नवीन पाद्री, खिडक्या पुसणारा. एकदा शेजारच्यांच्या घरी आलेल्या प्लंबरला विचारलं, तर तो म्हणाला, "कुंपणापलीकडून, बाई." घरात त्यावरून तिची कायम थट्टा चालायची. तर तो काउन्सिलवाला कुठूनसा लांबून आला होता, त्यानं दोन कप चहा घेतला, तुळईवर थाप मारली आणि म्हणाला, "हिच्यावर डबलडेकर उभी करा." कागद पाठवतो म्हणाला. कागद आला नाही. डॅडनंही विचारलं नाही. माणसानं घरात बसून, चहा पिऊन शब्द दिला होता. त्यावर कागद मागणं डॅडच्या लेखी उर्मटपणा.

आम्ही सगळं घर उलथंपालथं केलं. टोस्टरची गॅरंटी सापडली, एकोणिसशे बहात्तर सालची. माझे दुधाचे दात सापडले. दाखला नाही.

ब्रायनी म्हणाली, "काळजी करू नका. यावर उपाय असतो. पत्रानं कळवते."

आता पत्राची वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. आणि काउन्सिलचा माणूस आलाच होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्यांच्याकडे नोंद असणारच. मंगळवारी सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी मी फोन लावला. पिकर्सगिल नावाचे गृहस्थ बोलले. मी गोड बोलले. पत्ता दिला, वर्ष दिलं, तुळईचंही सांगितलं.

"इतकं जुनं आमच्याकडे ठेवत नाहीत," ते म्हणाले. "आमच्या नकाशात तुमच्या घराला ती भिंत अजून आहे."

"भिंत नाहीये हो. मी आत्ता तिच्यातून चहा घेऊन आले."

ते मनापासून हसले. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि मला नोंदीचा नंबर दिला. मी तो तारखेसकट वहीत लिहिला आणि डॅडला वाचूनही दाखवला. डॅड खूश. "आमच्या जॅनिसनं हात घातला की झालंच," तो शेजारणीला कुंपणावरून सांगत होता.

ब्रायनीचं पत्र गुरुवारी सकाळी आलं. सेकंड क्लासच्या, म्हणजे स्वस्त आणि सावकाश टपालाच्या तिकिटावर. मी ते दारातल्या पायपुसण्यावर उभ्याउभ्या वाचलं.

अशा वेळी एक विमा काढतात, असं पत्रात होतं. एकदाच हप्ता भरायचा. पुढं कधी काउन्सिलनं दाखल्यावरून घरमालकाला धरलं तर खर्च विमा कंपनीचा. बँकेला हे चालतं. दोन दिवसांत काम होतं. अट एकच. या कामाबद्दल काउन्सिलला कोणीही काहीही कळवलेलं नसावं. कळवलं असेल तर विमा मिळत नाही. खाली जाड अक्षरांत होतं: कृपया कोणत्याही कारणासाठी काउन्सिलशी संपर्क साधू नये.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मी ती मंगळवारी नऊ वाजून दोन मिनिटांनी उघडून दाखवली होती, वर नंबर मागून घेतला होता.

मी काय ठरवलं ते सांगते. मी ठरवलं, खोटं बोलायचं. एकतीस वर्षांत मी पालकांच्या खोट्या चिठ्ठ्या पकडल्या, नऊ वर्षांच्या पोरांना खोटेपणावरून लेक्चर दिलं, आणि त्या पायपुसण्यावर मला निर्णय घ्यायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही. पिकर्सगिल काही विमा कंपनीला फोन करणार नव्हते. बेचाळीस पावलांचा प्रश्न होता.

दुपारी ब्रायनीचा फोन आला. डॅडला कमी ऐकू येतं आणि घराच्या गोष्टी त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायच्या असतात, म्हणून आम्ही फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो. तो त्याच्या खुर्चीत होता, तुळईच्या बरोबर खाली.

"पत्र मिळालं ना?" ब्रायनी म्हणाली. "मग एवढंच विचारायचंय, फॉर्मवर भरावं लागतं म्हणून. काउन्सिलशी तुमच्यापैकी कोणी बोललेलं नाही ना?"

"नाही. कोणी..."

"मंगळवारीच!" डॅड खुर्चीतून ओरडला. त्याला वाटलं, मी विसरले. "मंगळवारीच बोलली ती! नऊ वाजताच! नंबरसुद्धा घेतलाय, पोरी, थांब. जॅनिस, वही आण, तो नंबर दे तिला!"

फोनमध्ये मागं कुठं तरी प्रिंटर चालल्याचा आवाज येत होता.

"अरेरे," ब्रायनी म्हणाली.

मी डॅडकडे बघितलं. अभिमानानं त्याची मान ताठ झाली होती. माझा चेहरा त्याला दिसत नव्हता, आणि त्या क्षणी मी देवाचे आभार मानले.

"मिसेस होल्ट, मी ऐकलं नाही असं मला नाही करता येत," ब्रायनी हळूच मला म्हणाली. "माझी नोकरी जाईल." तिच्यावर चिडायचं मी ठरवलं होतं, पण जमलं नाही.

"झालं का काम?" फोन ठेवल्यावर डॅडनं विचारलं.

"होईल," मी म्हटलं.

मग जे व्हायचं तेच झालं. विमा नाही, तर आता खराखुरा दाखला घ्या. त्यासाठी इंजिनियरनं हिशोब करून द्यायचा. इंजिनियरला पाच आठवडे सवड नव्हती. तो आला आणि म्हणाला, तुळईची दोन्ही टोकं बघायला हवीत, छत फोडा. छत फोडणारा तीन आठवड्यांनी आला. ज्या खोलीत मम गाणं गुणगुणत बटाटे सोलायची तिथं डॅडच्या डोक्यावर दोन भोकं, आणि सगळ्या घरात प्लास्टरची धूळ. डॅड बोटांनी टेबल पुसायचा आणि म्हणायचा, "अठ्ठ्याऐंशीतही अशीच होती. तिनं महिनाभर शिव्या घातल्या."

मिसेस ब्रेथवेटनी मुदत एप्रिलअखेरपर्यंत वाढवली. त्या काळजीनं फोन करायच्या, मी गोड बोलायचे. पोस्टमनच्या बँकेची कर्जाची मुदतही तेव्हाच संपत होती. सत्तावीस एप्रिलला त्या जोडप्यानं हात जोडले, व्यवहार सोडला. त्यांना मूल व्हायच्या आत छप्पर हवं होतं. कोण काय म्हणणार? त्यांनी डॅडला कार्ड पाठवलं, वर बसचं चित्र. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो फ्लॅट एका निवृत्त दंतवैद्याला गेला. त्याची बायको होममध्ये येऊन तीन आठवडे झाले होते. त्यानं खिडकीत शिडाचं जहाज ठेवलं.

त्या उन्हाळ्यात मम झपाट्यानं उतरत गेली. मे महिन्यात ती डॅडला सिरिल म्हणाली आणि लगेच दुरुस्त केलं. जूनमध्ये दुरुस्त केलं नाही. डॅडला चेहरा दिसत नसल्यामुळे गाडीत बसला की तो मला विचारायचा, "मी आत गेलो तेव्हा तिचा चेहरा कसा झाला?"

"हसली," मी सांगायची.

"मला बघून?"

"मग कोणाला, मला? मला बघून ती कधी हसली?"

हे खोटं मला दर रविवारी जमायचं. याच्या मध्ये ओरडायला कोणी नव्हतं.

पिकर्सगिल स्वतः आले ऑगस्टमध्ये. टॉर्च घेऊन शिडीवर चढले, दोन्ही भोकांत डोकं घातलं आणि खाली आले. "मिस्टर ऑल्ड्रॉइड," ते म्हणाले, "पूर्ण नोकरीत इतकी दणकट तुळई बघितली नाही. गिरणीची दिसते. हिच्यावर बस उभी राहील."

"डबलडेकर," डॅड म्हणाला. "तुमच्या आधीच्यानं सांगितलंय."

म्हणजे काही म्हणजे काही चुकलेलं नव्हतं. एक वीटसुद्धा हलवावी लागली नाही. दोन आठवड्यांनी दाखला आला, जाड कागद, शिक्का, सही, "स्वयंपाकघर व बैठक यांमधील भिंत काढणे, काम समाधानकारक." बैल गेला नि झोपा केला. आता घर कागदोपत्री असं निर्मळ आहे की उद्या विकता येईल. फक्त विकून जायचं कुठं, ते कोणी सांगा.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी डॅडनं दाखला प्लास्टिकच्या पाकिटात घालून बरोबर घेतला. "तिला दाखवतो," म्हणाला. "तिचीच भिंत ती." मांडीवर टार्टचा डबा, कोटाच्या खिशात पाकीट. कर्कबी लॉन्सडेलचा पूल मागं पडल्यावर तो एकदम म्हणाला, "त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं असतं तर?"

माझा पाय ब्रेकवर गेला. मला वाटत होतं, त्याला कळलेलंच नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"ती 'अरेरे' म्हणाली ना, तेव्हापासून. बहिरा आहे गं, बावळट नाही."

"डॅड, फोन मी केला होता. चूक माझी."

"तू नुसतं विचारलंस. बोंब मी मारली." तो खिडकीकडे वळला; कडेनं त्याला हिरवं दिसत असावं. "आणि डावीकडे घे आता, किती मध्ये चालवतेस."

मला रडायला येत होतं आणि मी डावीकडे घेतलं. सहा महिने आम्ही दोघं एकाच छताखाली, त्या दोन भोकांखाली, एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत बसलो होतो.

मम खिडकीजवळ बसली होती. समोर दंतवैद्याचं जहाज. केस कोणीतरी छान विंचरून दिले होते. डॅड हातानं चाचपत आत गेला, नेहमीसारखा डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि दाखल्याचं पाकीट काढायला खिशाकडे हात नेला.

मम त्याच्याकडे बघून हसली. खरंच हसली. आज मला खोटं सांगावं लागणार नाही, असं माझ्या मनात आलं.

"या, बसा ना," ती म्हणाली. "लांबून आलात का?"

डॅडचा हात खिशातच थांबला. चेहरा त्याला दिसला नव्हता, पण शब्द ऐकू आले होते, आणि त्या शब्दांचं मी काय करणार होते? मग तो खुर्चीची पाठ शोधून बसला.

"छपन्न मैल," तो म्हणाला.

"अगं बाई, एवढ्या लांबून!" ममनं डब्याचं झाकण उघडलं आणि त्यातला एकुलता एक टार्ट त्याच्यापुढं धरला. "मग हे आधी खाऊन घ्या. आणि फार वेळ थांबू नका हं. घरी बायको वाट बघत असेल."

डॅडनं दोन्ही हातांनी तो टार्ट घेतला.

"हो," तो म्हणाला. "खूप दिवस बघत होती."